मिनामाता : आधी सत्य, मग समेट

1 मे 2024 रोजी जपानचे पर्यावरणमंत्री मिनामाता या किनाऱ्यावरच्या छोट्या शहरात पीडितांच्या संघटनांना भेटायला आले. प्रत्येक संघटनेला बोलायला तीन मिनिटे दिली होती. एक वृद्ध गृहस्थ आपल्या वारलेल्या पत्नीबद्दल सांगत होते. त्यांची वेळ संपली आणि माइक बंद करण्यात आला. जपानभर संताप उसळला. आठवडाभरातच मंत्र्यांना परत येऊन माफी मागावी लागली.

आपल्याकडे 1 मे हा कामगार दिन आणि महाराष्ट्र दिन. मिनामातात तो स्मृतिदिन आहे. 1956 साली याच तारखेला एका अनाकलनीय आजाराची पहिली सरकारी नोंद झाली. त्यानंतर 68 वर्षांनीही पीडितांना बोलायला तीन मिनिटांचीच वेळ मिळाली. असे का, हे समजून घ्यायचे तर आधी त्या गावाची रचना पाहावी लागते.

कारखाना आणि किनाऱ्यावरची उतरंड

मिनामाता क्युशू बेटावर, कुमामोतो प्रांतात आहे. समोर शिरानुई समुद्र, मागे डोंगर, आणि डोंगरातून वाहत येणारी मिनामाता नदी. 1908 पासून इथे चिस्सो कंपनीचा रासायनिक कारखाना आहे. शहराचा रोजगार, कर, राजकारण सारे त्याच्याभोवती फिरत असे. अ‍ॅसिटाल्डिहाइड तयार करण्याची तिथली प्रक्रिया ज्या अभियंत्याने विकसित केली, तेच पुढे शहराचे महापौर झाले.

या शहराचीही एक उतरंड होती. वर कंपनीचे अधिकारी, मग कायम कामगार आणि व्यापारी, आणि सगळ्यात खाली किनाऱ्यावरचे मच्छीमार. त्यातले बरेच जण समोरच्या आमाकुसा बेटांवरून पोटासाठी आलेले, म्हणून ते 'वाहत आलेले लोक' ठरले. तिन्ही त्रिकाळ मासे खाणारे तेच होते, आणि विष आधी त्यांच्याच घरांत शिरले.

कारण कळले होते, ते दाबले गेले

या प्रक्रियेत पारा वापरला जाई. 1932 पासून पाऱ्याचे सेंद्रिय संयुग असलेले सांडपाणी खाडीत सोडले जात होते. ते शिंपल्यांत आणि माशांत साठले, माशांतून मांजरांत आणि माणसांत गेले. आधी मांजरे गोल गोल फिरून मरू लागली. मग माणसांचे हातपाय बधिर झाले, नजर आक्रसली, बोलणे अडखळू लागले, झटके येऊ लागले. 1956 साली पाच आणि दोन वर्षांच्या दोन बहिणी कंपनीच्याच दवाखान्यात आल्या, आणि तिथले प्रमुख डॉ. होसोकावा हाजिमे यांनी आरोग्य केंद्राला कळवले.

पुढचा क्रम कार्यकर्त्यांनी लक्षात ठेवावा असा आहे. 1957 मध्ये प्रांताने खाडीतल्या माशांवर कायद्याने बंदी घालण्याबद्दल विचारले, तेव्हा केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने सांगितले की सगळेच मासे विषारी असल्याचा स्पष्ट पुरावा नाही. 1958 मध्ये कंपनीने सांडपाण्याचे तोंड खाडीतून नदीच्या मुखाकडे वळवले, त्यामुळे विष दूरवर पसरले. 1959 मध्ये कुमामोतो विद्यापीठाच्या संशोधकांनी सेंद्रिय पाऱ्याकडे बोट दाखवले. त्याच वर्षी डॉ. होसोकावांनी कारखान्याचे सांडपाणी मिसळलेले अन्न एका मांजराला दिले आणि त्याला तोच आजार झाला. हा निष्कर्ष कंपनीने दडवला.

वर्षाच्या अखेरीस, 30 डिसेंबर 1959 ला, रुग्णांच्या कुटुंबांशी 'सांत्वन रकमे'चा करार झाला. मृत्यूमागे 3 लाख येन. अट अशी की, पुढे सांडपाणीच कारण ठरले तरी नवी भरपाई मागायची नाही. कंपनीला खरे कारण ठाऊक होते, सही करणाऱ्यांना नव्हते. कारखान्याने ही प्रक्रिया मे 1968 मध्ये थांबवली, तेव्हा तंत्रज्ञान म्हणूनही ती जुनी झाली होती. सप्टेंबरमध्ये सरकारने आजाराचे कारण अधिकृतपणे मान्य केले. पहिल्या नोंदीपासून 12 वर्षे गेली होती.

पुरावा घराघरांत होता

काही बाळे जन्मतःच आजारी होती, पण आया वरवर ठणठणीत दिसत. वार गर्भाला विषापासून वाचवते असा तेव्हाचा समज होता. प्रत्यक्षात पारा वार ओलांडून बाळात उतरला होता. 1962 मध्ये हा जन्मजात आजार मान्य झाला. जपानमध्ये बाळाची नाळ वाळवून जपून ठेवण्याची रीत आहे. डॉ. हारादा मासाझुमी यांनी पुढे घरोघरी ठेवलेल्या अशा नाळा जमवल्या आणि तपासणीत त्यांत पारा सापडला. सरकार ज्या पुराव्याची वाट पाहत होते, तो आयांच्या पेट्यांत होता.

गावाने मात्र पीडितांना दूर लोटले. आजार संसर्गजन्य असल्याची अफवा पसरली, दुकानदार त्यांचे पैसे हाताने घेईनात, लग्ने मोडली. कारखाना बंद पडेल या भीतीने शेजारी गप्प राहिले. कामगारही गप्प होते. अखेर ऑगस्ट 1968 मध्ये कारखान्याच्या एका कामगार संघटनेने ठराव केला, की या रुग्णांसाठी आपण लढलो नाही याची आम्हाला लाज वाटते. संघटनेने स्वतःची चूक लिहून काढणे ही दुर्मीळ गोष्ट आहे, आणि आपल्या संघटनांनीही ती शिकावी असे आम्हाला वाटते.

पांढऱ्या वस्त्रांतले भागधारक

या किनाऱ्यावरची बहुतेक कुटुंबे जोदो शिन्शू पंथाची, अमिताभ बुद्धाला मानणारी. बाबासाहेबांनी दाखवलेल्या वाटेवर अशा कृपेला जागा नाही. तरी या लोकांनी आपल्या श्रद्धेतून जे उभे केले ते आपण पाहायला हवे. लेखिका इशिमुरे मिचिको यांनी 1969 च्या आपल्या पुस्तकाला 'कुगाई जोदो' हे नाव दिले. दुःखाचा सागर आणि सुखावती असे दोन्ही शब्द त्यात एकत्र आहेत. 1970 मध्ये रुग्णांनी आणि समर्थकांनी कंपनीचा एकेक शेअर विकत घेतला आणि ओसाकाच्या भागधारक सभेत ते यात्रेकरूंच्या पांढऱ्या वस्त्रांत, घंटा वाजवत, बौद्ध स्तोत्रे म्हणत शिरले. एका स्त्रीच्या हातात आईवडिलांच्या स्मृतिपाट्या होत्या. त्या घेऊन ती कंपनीच्या अध्यक्षांसमोर उभी राहिली.

20 मार्च 1973 ला न्यायालयाने कंपनीला दोषी धरले आणि 1959 चा करार नीतिबाह्य ठरवून रद्द केला. सरकार आणि प्रांत यांची जबाबदारी सर्वोच्च न्यायालयाने मान्य करायला 2004 उजाडले. कुमामोतो आणि कागोशिमा मिळून अधिकृत रुग्ण सुमारे 2,300 आहेत. हजारो लोकांना 'रुग्ण' हे नाव न देता तडजोडीची मदत मिळाली, आणि कित्येक जण आजही न्यायालयात आहेत.

पुन्हा बांधलेल्या नावा

विषारी गाळाने भरलेला खाडीचा भाग 1990 पर्यंत बुजवला गेला. त्या 58 हेक्टर जमिनीवर आज उद्यान आहे आणि समुद्राकडे तोंड करून बसलेल्या छोट्या दगडी बुद्धमूर्ती आहेत. 'होंगान नो काई' या गटातल्या माणसांनी त्या स्वतः कोरल्या, मेलेल्या माणसांसाठी आणि माशांसाठी, मांजरांसाठीही. या गटातले मच्छीमार ओगाता मासातो यांचे वडील 1959 मध्ये याच आजाराने गेले. 1985 मध्ये ओगातांनी रुग्ण म्हणून मान्यता मागणारा स्वतःचा अर्ज मागे घेतला. पुढे त्यांच्या पुस्तकाचे नावच 'चिस्सो म्हणजे मीच होतो' असे झाले. मी त्या कारखान्यात असतो तर वेगळा वागलो असतो का, हा त्यांचा प्रश्न आहे. तो प्रतीत्यसमुत्पादाच्या फार जवळ जातो. पण हे म्हणण्याचा अधिकार पीडिताचा आहे. कंपनीने त्याची ढाल करू नये.

1994 मध्ये महापौर योशिई मासाझुमी यांनी शहराच्या वतीने पीडितांची माफी मागितली आणि 'मोयाई नाओशी' हा शब्द वापरला, म्हणजे सुटलेल्या नावा पुन्हा एकमेकींना बांधणे. आसपासच्या खेड्यांतही काम झाले. आपल्या घरात पाणी कुठून येते आणि कुठे जाते याचे नकाशे रहिवाशांनी बनवले. डोंगरातल्या गावांनी आपली भातखाचरे, लोणची, झरे हेच संग्रहालय म्हणून पाहुण्यांना दाखवायला सुरुवात केली. मासेमारी सुटलेल्या पीडित कुटुंबांनी कमीत कमी औषधे फवारून आमानात्सु नावाची मोसंबीसारखी फळे पिकवली. ज्यांनी विष भोगले, त्यांनी दुसऱ्याच्या ताटात विष वाढायचे नाही, हा त्यामागचा विचार.

आपण काय घ्यावे

पाऱ्यावरचा आंतरराष्ट्रीय करार 'मिनामाता' नावाने 2013 मध्ये झाला, 2018 पासून भारतही त्यात आहे. पण कागदावर नाव आले म्हणून न्याय पूर्ण होत नाही. दुःख आहे आणि त्याला कारण आहे, असे बुद्धांनी सांगितले. मिनामातात कारण बारा वर्षे दडवले गेले, कारण दुःख उतरंडीच्या तळाशी होते.

म्हणून वस्तीत काम करताना आम्हाला तीन गोष्टी महत्त्वाच्या वाटतात. लोकांच्या घरातला पुरावा त्यांच्याच ताब्यात जपून ठेवावा. पूर्ण माहिती नसताना कुणाला सही करू देऊ नये. आणि कुणी 'झाले गेले विसरा, एकोप्याने राहा' म्हणाले तर आधी विचारावे, सत्य सांगून झाले का? मिनामातात महापौरांची माफी निकालानंतर 21 वर्षांनी आली, निकालाआधी नाही. आणि माफीनंतरही 30 वर्षांनी एका म्हाताऱ्या माणसाचे पत्नीबद्दलचे बोलणे अर्धेच राहिले होते.