निवृत्तिवेतनाची परिभाषा आणि चाळिशीतील हिशेब

निवृत्तिवेतनाचा विषय भाषाशास्त्राच्या कक्षेत कसा येतो, अशी शंका काही वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. तिचे उत्तर असे की, कोणतीही शासकीय योजना सामान्य माणसाच्या हाती प्रथम येते ती शब्दांच्या रूपाने. योजनेचे नाव, नियमांतील विशेषणे आणि अर्जातील संज्ञा यांचा अर्थ नीट लावला नाही, तर आपणांस काय मिळणार आहे याविषयीची कल्पनाच चुकीची ठरते. हा अर्थ साठाव्या वर्षी कळून फारसा उपयोग नसतो. तो चाळिशीत कळला तर उपाय योजण्यास काही वर्षे हाती उरतात. प्रस्तुत लेखात महाराष्ट्रातील शासकीय आणि शासनानुदानित सेवा हे क्षेत्र मुख्यतः डोळ्यांसमोर ठेवून या शब्दांचा विचार करावयाचा आहे.

(१) 'पेन्शन'

'पेन्शन' हा शब्द इंग्रजीतून मराठीत आला. त्याचे मूळ लॅटिन भाषेतील 'पेन्देरे', म्हणजे तोलणे, या धातूत आहे. धातूचे तुकडे तोलून मोबदला देण्याच्या काळात 'तोलणे' या क्रियेलाच 'चुकते करणे' हा अर्थ प्राप्त झाला. व्युत्पत्तीच्या दृष्टीने पेन्शन म्हणजे चुकती केलेली रक्कम होय.

मराठी माणसाला या शब्दाचा इतिहास मात्र निराळ्या मार्गाने परिचित आहे. १८१८ साली दुसऱ्या बाजीरावाने शरणागती पत्करल्यावर कंपनी सरकारने त्यास सालीना आठ लक्ष रुपये देण्याचे ठरवून ब्रह्मावर्त येथे ठेवले. १८५१ साली बाजीराव वारला आणि त्याचा दत्तक पुत्र नानासाहेब याला ही रक्कम पुढे चालू ठेवण्यास कंपनीने नकार दिला. ती रक्कम हक्क म्हणून दिली की कृपा म्हणून, हाच त्या वादाचा गाभा होता. आपल्या जुन्या व्यवहारातील 'वर्षासन' आणि द्रव्यवाचक अर्थाने योजला जाणारा 'नेमणूक' हे शब्दही देणाऱ्याच्या मर्जीकडे बोट दाखवितात.

(२) 'निवृत्तिवेतन'

'निवृत्तिवेतन' या सामासिक शब्दातील उत्तरपद 'वेतन' हे आहे आणि वेतन म्हणजे केलेल्या कामाचा मोबदला. मर्जीला या शब्दात जागा नाही. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने १७ डिसेंबर १९८२ रोजी नकारा खटल्यात जो निर्णय दिला, तो या अर्थाशी जुळणारा आहे. सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील पाच न्यायमूर्तींच्या पीठाने असे ठरविले की, निवृत्तिवेतन हे मालकाच्या कृपेचे दान नसून पूर्वी केलेल्या सेवेबद्दल मिळणारा हक्क आहे. त्याच वर्षीच्या महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियमांच्या चौकटीत पूर्ण सेवा झालेल्या कर्मचाऱ्यास स्थूलमानाने अखेरच्या वेतनाच्या निम्मी रक्कम मिळते आणि महागाईबरोबर तीत वाढ होते. येथे काय मिळणार, हे सूत्राने निश्चित असते. ते कोठून द्यावयाचे, ही चिंता शासनाची.

(३) एका विशेषणाचे स्थान

१ नोव्हेंबर २००५ रोजी वा त्यानंतर राज्याच्या सेवेत नियुक्त झालेल्यांना मात्र ही व्यवस्था लागू राहिली नाही. केंद्र शासनाने असाच बदल १ जानेवारी २००४ पासून केला होता. राज्याच्या नव्या योजनेचे नाव होते 'परिभाषित अंशदान निवृत्तिवेतन योजना'. पुढे ती राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजनेत समाविष्ट झाली.

या नावाची फोड बारकाईने करावयास हवी. 'परिभाषित' हे विशेषण 'निवृत्तिवेतन' या पदाचे नसून 'अंशदान' या पदाचे आहे. कर्मचाऱ्याने मूळ वेतन आणि महागाई भत्ता यांच्या १० टक्के रक्कम द्यावयाची आणि शासनाने आपला हिस्सा घालावयाचा, एवढेच येथे 'परिभाषित', म्हणजे निश्चित. शासनाचा हा हिस्सा प्रारंभी १० टक्के होता. तो पुढे १४ टक्के करण्यात आला. अखेरीस दरमहा काय मिळेल, याविषयी हे नाव मौन बाळगते. जुन्या व्यवस्थेत मिळावयाचे ते निश्चित होते. नव्या व्यवस्थेत द्यावयाचे ते निश्चित झाले. दोहोंच्या नावात 'निवृत्तिवेतन' हा शब्द कायम राहिल्यामुळे हा पालट अनेकांच्या ध्यानात आला नाही.

लोकभाषेने मात्र हा भेद आपल्या रीतीने टिपला. मार्च २०२३ मध्ये राज्यातील कर्मचाऱ्यांचा संप झाला, तेव्हा 'एकच मिशन, जुनी पेन्शन' ही घोषणा सर्वत्र ऐकू आली. या घोषणेतील 'जुनी' हे विशेषण वरवर कालवाचक आहे. त्याचा खरा अर्थ 'सूत्राने निश्चित झालेली' असा आहे. परिभाषेतील लांबलचक शब्दांनी जे सांगितले नाही, ते या दोन अक्षरी विशेषणाने सांगितले.

(४) अर्थभेदाचे मोल

हा भेद किती रुपयांचा आहे, हे एका काल्पनिक उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, निवृत्तीच्या वेळी एखाद्या अध्यापकाच्या खात्यात ५० लक्ष रुपये जमा आहेत. राष्ट्रीय योजनेत नियत वयोमानानुसार निवृत्त होणाऱ्या शासकीय कर्मचाऱ्यास सर्वसाधारणपणे किमान ४० टक्के रक्कम, म्हणजे येथे २० लक्ष, वार्षिकी घेण्यासाठी गुंतवावी लागते. वार्षिकीचा दर सालीना ६ टक्के धरल्यास वर्षाला १,२०,००० रुपये, म्हणजे महिन्याला १०,००० रुपये मिळतील. उरलेले ३० लक्ष हाती येतील. परंतु त्यांचा विनियोग कसा करावयाचा, ही जबाबदारी ज्याची त्याची. शिवाय सामान्य प्रकारच्या वार्षिकीची रक्कम महागाईबरोबर वाढत नाही. किमती दरसाल ६ टक्क्यांनी वाढत गेल्या, तर त्या सुमारे १२ वर्षांत दुप्पट होतात. साठाव्या वर्षीचे १०,००० रुपये बहात्तराव्या वर्षी आजच्या ५,००० रुपयांसारखे भासतील.

या त्रुटीची दखल पुढे घेतली गेली. केंद्र शासनाने १ एप्रिल २०२५ पासून एकीकृत निवृत्तिवेतन योजना अमलात आणली. तिच्यात २५ वर्षांच्या सेवेनंतर अखेरच्या १२ महिन्यांच्या सरासरी मूळ वेतनाच्या निम्मी रक्कम मिळण्याची हमी आहे. किमान १० वर्षांच्या सेवेनंतर दरमहा १०,००० रुपयांची हमी आहे. महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने ऑगस्ट २०२४ मध्ये ही योजना स्वीकारण्यास मान्यता दिली. येथे विशेषणापेक्षा संख्या महत्त्वाची ठरते. चाळिसाव्या वर्षी सेवेत येऊन साठाव्या वर्षी निवृत्त होणाऱ्याची सेवा २० वर्षांचीच भरते, आणि २५ वर्षांच्या प्रमाणात हिशेब केल्यास त्याचा वाटा ५० वरून ४० टक्क्यांवर येतो. विद्यापीठीय क्षेत्रात संशोधन आणि तासिका तत्त्वावरील अध्यापन यांत अनेकांची वर्षे जातात. त्यांनी ही वजाबाकी आजच करून पाहावी.

(५) चाळिशीत काय करावे

पहिली गोष्ट, आपल्या नियुक्तीचा दिनांक पाहून आपण कोणत्या योजनेत मोडतो, हे नियमांच्या शब्दांत वाचावे. सहकाऱ्यांच्या बोलण्यावर विसंबू नये. दुसरी, सेवापुस्तकातील नोंदी तपासाव्यात. सेवेतील खंड, विनावेतन रजा आणि पूर्वीची सेवा यांच्या नोंदी पंधरा वर्षांनी दुरुस्त करणे कठीण असते. त्या वेळचे कागद व माणसे दोन्ही हाती राहत नाहीत. तिसरी, आपले आणि शासनाचे अंशदान खात्यात दरमहा जमा होते काय, हे वार्षिक विवरणावरून ताडून पाहावे. चौथी, नामनिर्देशन अद्ययावत ठेवावे. सेवेच्या प्रारंभी आईवडिलांचे नाव दिलेले असते आणि विवाहानंतरही ते तसेच राहून जाते.

पाचवी गोष्ट विलंबाच्या किमतीची. असंघटित क्षेत्रासाठी २०१५ साली सुरू झालेल्या अटल पेन्शन योजनेतील आकडे या दृष्टीने बोलके आहेत. साठीनंतर दरमहा ५,००० रुपये मिळण्यासाठी अठराव्या वर्षी सहभागी होणाऱ्यास महिन्याला २१० रुपये भरावे लागतात. चाळिसाव्या वर्षी येणाऱ्यास १,४५४ रुपये. पहिला ४२ वर्षांत एकूण १,०५,८४० रुपये भरतो, दुसरा २० वर्षांत ३,४८,९६०. चाळिशीनंतर या योजनेचे दार बंद होते. ज्यांना अन्य मार्गाने बचतीची भर घालावयाची आहे, त्यांनाही हाच नियम लागू पडतो. वार्षिक ८ टक्के दराने, मासिक चक्रवाढ धरून, पंचेचाळिसाव्या वर्षापासून दरमहा ५,००० रुपये टाकल्यास साठाव्या वर्षी सुमारे १७ लक्ष ३० हजार होतात. पन्नासाव्या वर्षापासून टाकल्यास सुमारे ९ लक्ष १५ हजार. पाच वर्षांच्या दिरंगाईत जवळजवळ अर्धी रक्कम जाते.

संस्कृतात 'निवृत्ती' हा शब्द 'प्रवृत्ती'च्या विरुद्ध अर्थी येतो. परंतु निवृत्तिवेतनाची तजवीज ही सर्वस्वी प्रवृत्तीच्या काळात करावयाची गोष्ट आहे. नियमांतील विशेषण कोणत्या पदाला लागते, हे पाहण्याची सवय आपल्या शास्त्राच्या अभ्यासकांना असतेच. ती सवय त्यांनी स्वतःच्या सेवापुस्तकालाही लावावी, एवढेच या विवेचनाचे प्रयोजन.