ती गाठ उष्णतेची नसते

1989 च्या जानेवारीत 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात गडचिरोलीचं नाव झळकलं. डॉ. राणी बंग आणि 'सर्च' या संस्थेतल्या सहकाऱ्यांनी जिल्ह्यातल्या दोन गावांत 650 बायका-मुलींची तपासणी केली होती. 92 टक्के जणींना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार निघाले, एकेकीला सरासरी 3.6. आणि त्याआधी कधी अशी तपासणी झालेल्या होत्या अवघ्या 8 टक्के. मला हा शेवटचा आकडा सगळ्यांत बोलका वाटतो. जे कुणाला दाखवायचंच नाही, त्याबद्दल माणूस ऐकीव गोष्टींवर विसंबतो. योनिमुखाजवळच्या ग्रंथींचं तर असं, की त्या आपल्याला आहेत हेच पुष्कळ जणींच्या गावी नसतं.

योनिमुखाच्या खालच्या भागात, डाव्या-उजव्या बाजूला वाटाण्याएवढी एकेक ग्रंथी असते. डेन्मार्कचे शरीरशास्त्रज्ञ कास्पर बार्थोलिन यांनी सतराव्या शतकात तिचं वर्णन केलं, म्हणून ती बार्थोलिन ग्रंथी. निरोगी असताना ती हाताला लागत नाही. तिचा स्राव साधारण दोन ते अडीच सेंटिमीटरच्या नळीतून बाहेर येतो. लघवीच्या छिद्राशेजारी आणखी एक छोटी जोडी असते, स्कीन ग्रंथींची.

संबंधाच्या वेळचा ओलावा याच ग्रंथींतून येतो, असं सर्रास सांगितलं जातं. त्यांचा वाटा थोडा असतो. बहुतेक ओलावा योनीच्या भिंतींतून पाझरतो. 'अंगावरून पांढरं जाणं' हाही या ग्रंथींचा उद्योग नव्हे. तो स्राव मुख्यतः गर्भाशयमुखातून आणि योनीतून येतो, पाळीच्या चक्राप्रमाणे कमीजास्त होतो आणि त्याने हाडं झिजत नाहीत. वास, खाज किंवा रंगातला बदल असेल तर मात्र तपासून घ्यावं.

आता गाठीबद्दल. नळीचं तोंड बुजलं की स्राव आत साठतो आणि एका बाजूला गाठ येते. शंभरातल्या साधारण दोघींना आयुष्यात कधीतरी हा त्रास होतो, बहुधा विशी-तिशीत. त्यात आंबा, अंडी किंवा 'गरम' खाण्याचा काही संबंध नाही. 'अंग बाहेर आलं' असं समजून घाबरणाऱ्याही असतात. पण अंग बाहेर येतं ते मधून, जोर केल्यावर जास्त जाणवतं आणि आडवं झाल्यावर बहुधा आत जातं. ही गाठ कडेला असते आणि झोपलं तरी तिथेच राहते.

सगळ्यांत वाईट गैरसमज चारित्र्याचा. गाठ पिकली, पू झाला, की 'गुप्तरोग' म्हणून बाईकडे बोट दाखवलं जातं. प्रमेहाच्या जंतूंमुळे असा पू होऊ शकतो, पण बरेचदा त्यात सापडतात ते आपल्या आतड्यात राहणारे ई. कोलाय जंतू. म्हणजे गाठ पाहून कुणाच्याही वागणुकीचा निवाडा करता येत नाही. लैंगिक संसर्गाची शंका आलीच, तर तपासणी नवऱ्याचीही व्हायला हवी. एकट्या बायकोवर औषधोपचार करून भागत नाही. हे सांगताना आपल्याकडे अजून जीभ अडखळते, ही शरमेची बाब आहे.

लहान, न दुखणाऱ्या गाठीला बहुधा काही करावं लागत नाही. दुखत असेल तर स्वच्छ घमेल्यात सोसवेल इतक्या कोमट पाण्यात दिवसातून तीन-चारदा दहा-पंधरा मिनिटं बसावं. सुईने किंवा ब्लेडने घरी फोडू नये, पाला बांधू नये. डॉक्टरसुद्धा नुसता छेद देऊन थांबले तर तो मिटतो आणि गाठ पुन्हा भरते. म्हणून आत बारीक फुग्याची नळी काही आठवडे ठेवतात, किंवा कडा शिवून तोंड उघडं ठेवतात. त्याने मूल होण्यात अडथळा येत नाही, कारण या ग्रंथींचा गर्भाशयाशी किंवा बीजकोशाशी संबंध नाही.

पाळी गेल्यावर या ग्रंथी आक्रसतात. त्यामुळे चाळिशीनंतर नवी गाठ दिसली तर, दुखत नसली तरी, दाखवलीच पाहिजे. कर्करोग क्वचितच असतो, पण तो नाही हे तपासूनच ठरतं.

ताप, झपाट्याने वाढणारी सूज, चालता-बसता न येणं, यांपैकी काहीही असेल तर त्याच दिवशी आशाताईंना सांगा आणि ग्रामीण रुग्णालय गाठा. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की गडचिरोलीतल्या भामरागडचा रस्ता बंद होतो. तिकडच्या बायांनी तर उद्यावर ढकलूच नये.