तसबिरीचा घोटाळा : एक फ्रेंच प्रहसन

गैरसमज हा प्रहसनाचा प्राण होय, हे वाक्य आम्ही वर्गात इतक्या वेळा उच्चारले आहे की त्याचा अर्थ तपासून पाहावा असे आम्हांस कधी वाटलेच नाही. ते भान एका फ्रेंच चित्रपटाने आणून दिले. फ्रान्सिस वेबेर याने लिहिलेला व दिग्दर्शित केलेला हा चित्रपट २००१ सालचा. नाव ‘ल प्लाकार’, म्हणजे कपाट. आपण समलिंगी आहोत हे उघडपणे सांगणे यास फ्रेंच भाषेत ‘कपाटातून बाहेर येणे’ असे म्हणतात. येथील नायक असा बाहेर येतो खरा. परंतु तो त्या कपाटात मुळी कधी नव्हताच!

मराठी वाचकास हे घराणे अपरिचित नाही. मोलियरने १६६० साली ‘स्गानारेल’ रंगभूमीवर आणले. त्याच्या आधाराने आर्थर मर्फी याने १७६१ साली ‘ऑल इन द राँग’ हे इंग्रजी नाटक रचले. त्यावरून गोविंद बल्लाळ देवलांनी ‘फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा’ लिहिले आणि पुढे १९१६ साली तेच ‘संगीत संशयकल्लोळ’ या रूपाने रंगभूमीवर आले. कृत्तिकेच्या हाती परपुरुषाची तसबीर दिसते आणि फाल्गुनरावाच्या डोक्यात संशयाचे भूत शिरते. वेबेरच्या कथेतही सारा घोटाळा तसबिरीचाच आहे. मात्र ती चुकून हाती पडलेली नाही. हेतुपुरस्सर बनविलेली आहे.

फ्रांस्वा पिन्यों (ही भूमिका दान्येल ओतॉय याने केली आहे) हा संततिनियमनाची रबरी साधने बनविणाऱ्या कारखान्यात हिशेबनीस आहे. बायको सोडून गेलेली, तरुण मुलगा टाळणारा, सहकाऱ्यांना कंटाळवाणा वाटणारा असा हा गृहस्थ. कारखान्याच्या समूहचित्रात त्याला चौकटीत जागासुद्धा मिळत नाही. आता आपली नोकरी जाणार हे कळल्यावर तो सज्जातून उडी टाकावयास निघतो, तेव्हा शेजारी नुकताच राहावयास आलेला बेलोन हा वृद्ध त्यास परावृत्त करतो आणि एक युक्ती सुचवितो. दुसऱ्याच्या छायाचित्रावर पिन्योंचे तोंड चिकटवून, तो पुरुषाच्या सहवासात आहे असे भासविणारी चित्रे निनावी पाकिटातून कारखान्यात धाडावयाची. कारखान्याच्या गिऱ्हाइकांत समलिंगी मंडळी पुष्कळ. अशा माणसास काढले तर बोभाटा होईल, या भीतीने मालक त्यास काढणार नाही. समलिंगी जोडप्यांनाही घेता येईल असा नोंदणीकृत सहजीवनाचा कायदा फ्रान्समध्ये १९९९ साली झाला होता, हे ध्यानात घेतले म्हणजे मालकाची ही भीती अवास्तव वाटत नाही.

बेलोन एक अट घालतो, आणि सर्व चित्रपट त्या अटीवर उभा आहे. पिन्योंने आपल्या वागण्यात काडीचाही बदल करावयाचा नाही. चालणे तेच, बोलणे तेच, कपडे तेच. बदलेल ती इतरांची दृष्टी. झालेही तसेच. काल ज्याचा लाजाळूपणा कोणाच्या खिजगणतीत नव्हता, त्याच लाजाळूपणात आज सर्वांस पुरावा सापडू लागतो! ढोंग करणारा नट न दाखविता ढोंग शोधणारे प्रेक्षक दाखवावयाचे, ही कल्पना आम्हांस फार मोलाची वाटते. ‘दोस्ताना’ (२००८) या हिंदी चित्रपटात दोन तरुण मायामीतील घर भाड्याने मिळावे म्हणून जोडपे असल्याची बतावणी करतात. तेथे विनोद नायकांच्या सोंगाचा आहे, येथे तो पाहणाऱ्यांच्या डोळ्यांचा आहे.

त्यातही सांतिनीचे प्रकरण बहारीचे साधले आहे. हा रग्बीप्रेमी, दांडगा, समलिंगींची टर उडविणारा अधिकारी. आता आपलीच नोकरी जाईल अशी भीती त्यास सहकारी घालतात. तो पिन्योंशी गोड बोलू लागतो, त्यास जेवावयास नेतो, गुलाबी रंगाचा लोकरी सदरा भेट देतो. इकडे त्याच्या पत्नीस वेगळाच संशय येतो, म्हणजे कृत्तिका येथेही आहेच, आणि अखेर त्या धिप्पाड माणसाचे मन खचून त्यास रुग्णालयात ठेवावे लागते. प्रेमकथेचा धागा मात्र त्या मानाने बारीक आहे. पिन्योंची वरिष्ठ बेर्त्रां हिला चित्रांच्या खरेपणाविषयी शंका येते आणि त्या शंकेतून दोघे जवळ येतात, एवढेच.

‘संशयकल्लोळा’त गैरसमज घरे मोडू पाहतो आणि सत्य ती सावरते, म्हणून पडदा पडताना आपण सुटकेचा निःश्वास टाकतो. येथे गैरसमजच माणसास तारतो, आणि सत्य कळले तर पोटावर पाय येणार असतो. तरीही या चित्रपटाविषयी आमची एक तक्रार आहे. बेलोन हा स्वतः समलिंगी आहे, आणि वीस वर्षांपूर्वी त्याच कारणावरून त्याची नोकरी गेलेली आहे. ज्या गोष्टीपायी खऱ्याने अन्न गमावले, तिच्याच खोट्या रूपाने दुसऱ्याचे अन्न राखले. एवढा दाहक विरोध लेखकाच्या हाती होता. पण तो एका संवादात उरकून कथा पुन्हा हशाकडे वळते. पिन्योंस नोकरी, मुलाचा आदर व प्रेयसी लाभते. बेलोन आपल्या मांजराच्या पिलासह शेजारच्या खोलीत राहतो. शेवटी पुन्हा समूहचित्र काढले जाते तेव्हा पिन्यों आपली जागा सोडीत नाही. बेलोनसाठी तशी एखादी चौकट लेखकास सुचली असती तर हे प्रहसन मोलियरच्या अधिक जवळ गेले असते.

आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी प्रौढांमधील संमतीच्या समलिंगी संबंधांवरील गुन्ह्याचा शिक्का पुसला. शाळेच्या स्नेहसंमेलनात स्त्रीभूमिका उत्तम वठविणाऱ्या मुलास पुढे वर्षभर कोणती नावे ऐकावी लागतात, हे मात्र आपण शिक्षक जाणतो. शिक्षकांच्या खोलीतही ती नावे आम्ही ऐकली आहेत, आणि खेदाची गोष्ट ही की त्या हशात कधीकाळी आम्हीही सामील झालो आहो. तो मुलगा समलिंगी असेल, नसेल. त्याच्या चालण्या-बोलण्यावरून ते ठरविण्याचा अधिकार आम्हांस कोणी दिला होता? यंदा ‘संशयकल्लोळ’ शिकविताना तसबिरीच्या प्रवेशापाशी थांबून, फाल्गुनरावाने नेमके काय पाहिले आणि काय मनाने जोडले, याच्या दोन याद्या आम्ही मुलांकडून करून घेणार आहोत.