वऱ्हाडाचा अर्ज

जुलै 2025 मध्ये 'मराठा लष्करी भूदृश्ये' या नावाने बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. अकरा महाराष्ट्रातले आणि बारावा तमिळनाडूतला जिंजी. आनंदाचीच गोष्ट. पण ती बातमी वाचून अमरावती-अकोल्याच्या माणसाच्या मनात एक प्रश्न हमखास येतो : मग आमचा गाविलगड कुठे? नरनाळा कुठे?

उत्तर असे, की ती मालिका वेगळ्या गोष्टीची आहे. आपले हे दोन्ही किल्ले पुढे नागपूरकर भोसल्यांकडे आले हे खरे, पण त्यांची घडण बहमनी आणि इमादशाही काळातली. त्यांचे स्वाभाविक घर दुसऱ्या एका प्रकरणात आहे. भारताने 2014 मध्ये दख्खनी सल्तनतींची स्मारके आणि किल्ले तात्पुरत्या यादीत नोंदवले. त्यात गुलबर्गा आहे, बीदर आहे, विजापूर आहे, हैदराबाद आहे. आपण शाळेत पाच शाह्या पाठ केल्या होत्या : आदिलशाही, निजामशाही, कुतुबशाही, बरीदशाही, इमादशाही. पाचांपैकी तीनच या प्रकरणात आल्या. अहमदनगरची निजामशाही नाही आणि वऱ्हाडची इमादशाहीही नाही. प्रकरण कर्नाटक आणि त्या वेळच्या आंध्र प्रदेशातल्या स्थळांपुरते बांधलेले आहे. यात रागवण्यासारखे काही नाही. आपला अर्ज आपणच लिहायचा असतो, एवढेच.

तात्पुरती यादी म्हणजे प्रतीक्षायादी. तिथे किमान वर्षभर नाव असल्याशिवाय नामांकन पाठवता येत नाही. आता एका देशाला वर्षाला एकच नामांकन पाठवता येते आणि आपल्या देशाच्या रांगेत साठाहून अधिक नावे उभी आहेत. म्हणून एकेका किल्ल्याने एकट्याने जाण्यात अर्थ नाही. अनेक स्थळे मिळून एक गोष्ट सांगत असतील तर ती एकत्र पाठवता येतात. बारा किल्ल्यांनी हेच केले.

आता आपली गोष्ट कोणती? इथे आपण वऱ्हाडी लोक हमखास घसरतो. अर्जात लिहितो, की आमच्याकडे हिंदू, मुसलमान, जैन, महानुभाव, कोरकू सारे गुण्यागोविंदाने राहतात. माझे आजोळ अचलपूरचे. नानी घरात दखनी वळणाची उर्दू बोलायची आणि दारावर भाजीवाली आली की म्हणायची, "मेथी कशी देतं वं बाई?" मला हे फार मोलाचे वाटते. पण तज्ज्ञ समितीला त्याचा उपयोग नाही. तिथे पुरावा लागतो आणि तो जगात इतरत्र सहसा न सापडणारा असावा लागतो.

तो पुरावा नरनाळ्यावर उभा आहे. अकोट तालुक्यातून सातपुड्यात चढलात, की या किल्ल्याचा मुख्य दरवाजा लागतो. पांढरट वालुकाश्मात कोरलेला. त्यावर कमळाची फुले, नक्षीदार छज्जा, अरबी अक्षरांतले लेख आणि दोन्ही बाजूंना दगडी जाळ्यांचे सज्जे. जाळ्यांचे नमुने किती तरी प्रकारचे. लेखातला काळ 1487 चा. आणि या दरवाजाचे नाव? महाकाली दरवाजा. हे नाव कोणा समितीने सलोख्यासाठी ठेवलेले नाही, लोकांच्या तोंडी ते पिढ्यान्‌पिढ्या आहे.

दरवाजा उभारणारा फतहुल्ला इमाद-उल-मुल्क. फिरिश्ता हा इतिहासकार सांगतो, की तो विजयनगरकडच्या ब्राह्मण घरातला मुलगा. लढाईत पकडला गेला, मुसलमान म्हणून वाढला आणि बहमनी राज्याचा वऱ्हाडचा सुभेदार झाला. 1490 मध्ये त्याने स्वतंत्र इमादशाही उभी केली, ती 1574 पर्यंत टिकली. चिखलदऱ्याजवळचा गाविलगड मूळ 1425 चा, अहमदशहा बहमनीचा. त्याच्या दरवाजावर दोन तोंडांचा गंडभेरुंड पक्षी कोरलेला दिसतो. विजयनगरच्या दरबारातला हा पक्षी सातपुड्यात कसा आला, या प्रश्नाच्या उत्तरात आपला अर्धा अर्ज लिहून होतो.

उरलेले काय? रिद्धपूर, जिथे मराठी गद्याचे घर आहे आणि आता मराठी भाषा विद्यापीठही आहे. मुक्तागिरीची जैन मंदिरे, जी वहिवाटीने आपली पण नकाशाप्रमाणे मध्य प्रदेशात. आणि कोरकू भाषा, जिचे नातेवाईक दूर झारखंडातल्या मुंडारी आणि संथाळी. माझे मत असे, की हे सगळे एकाच युनेस्को प्रकरणात कोंबू नये. गोष्ट पातळ होते. त्यांच्यासाठी राज्याच्या आणि केंद्राच्या वेगळ्या वाटा आहेत, त्या स्वतंत्रपणे धराव्यात. सगळ्यांना एका ताटात वाढायचा मोह आवरला पाहिजे, मग कोणी रुसले तरी चालेल.

दोन अडचणी मात्र आधीच बोलून टाकाव्यात. 2010 पासून केंद्रीय संरक्षित स्मारकाच्या शंभर मीटरच्या आत नवे बांधकाम बंद आणि त्यापुढच्या दोनशे मीटरमध्ये परवानगी लागते. डोंगरावरच्या किल्ल्याला हे सोपे. पण अचलपूरसारख्या गावात जुन्या वेशीला लागून लोकांची घरे आहेत. एखादी वेस त्या यादीत घालायची म्हटली, तर घराला मजला चढवायचा की नाही याची चिंता ज्याला आहे, त्याला वारसा हा शब्द नोटिसीसारखा ऐकू येतो. त्याला न विचारता नकाशावर रेघ ओढू नये.

दुसरी अडचण जंगलाची. हे दोन्ही किल्ले मेळघाटच्या व्याघ्र मुलखात आहेत. 1974 मध्ये मेळघाट व्याघ्र प्रकल्प झाला, वाघ जगला, पण कोरकूंची कित्येक गावे उठली. युनेस्कोचे आताचे नियमच सांगतात, की स्थानिक आदिवासी समाजाची पूर्वकल्पना देऊन, मोकळेपणाने घेतलेली संमती हवी. ती संमती कोरकूत विचारावी लागेल आणि उत्तर 'नाही' आले तर तेही लिहून घ्यावे लागेल.

तेव्हा कामाला कुठून लागायचे? सीमांचा नकाशा, देखभालीचा आराखडा, बीदर-विजापूरशी तुलना, ही कागदपत्रे तज्ज्ञ करतील. आपल्याला करता येण्यासारखे काम घरात आहे. अचलपूर, बाळापूर, अकोट इथल्या किती तरी घरांत पेट्यांच्या तळाशी जुन्या सनदा, इनामाचे कागद पडून आहेत. काही फारसीत, काही मोडीत, काहींवर दोन्ही. त्यांची छायाचित्रे काढून ठेवा, कागद मात्र कोणाला देऊ नका. फारसी वाचणारे आता थोडे उरले, मोडी वाचणारे त्याहून फार नाहीत. गावात असा एकेक माणूस असेल तर त्याचे नाव टिपून ठेवा आणि दोघांना एकाच टेबलाशी बसवा.