न दिसणारा बर्फ

टोरांटोला मुलाकडे हिवाळ्यात जाणारे आईबाबा ढीगभर पडलेल्या बर्फाला घाबरतात. त्या भुसभुशीत बर्फात पडलं तर बहुधा कपडेच ओले होतात. खरा धोका न दिसणाऱ्या बर्फाचा. दुपारच्या उन्हात बर्फ वितळून फुटपाथवर ओघळतो आणि रात्री पारा शून्याखाली गेला की त्याच पाण्याचा काचेसारखा थर होतो. खालचं डांबर आरपार दिसतं, म्हणून नाव ‘ब्लॅक आइस’. सकाळी रस्ता नुसता ओला वाटतो.

पाय सटकला की हात आपोआप पुढे जातो, सगळा भार तळहातावर येतो आणि मनगटाजवळचं हाड मोडतं. डब्लिनचे सर्जन अब्राहम कॉलिस यांनी १८१४ मध्ये या फ्रॅक्चरचं वर्णन केलं, तेही एक्स-रेचा शोध लागण्याच्या ८१ वर्षं आधी! मनगट बरेचदा प्लास्टरमध्ये बरं होतं. कुशीवर पडून खुबा मोडला तर मात्र बहुतेकदा ऑपरेशनच. डोकं आपटलं आणि रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर टेंगूळ नाही म्हणून घरी बसू नये. आतला रक्तस्राव काही तासांनीही उघड होतो.

फुटपाथवर मीठ टाकतात, पण कडाक्याच्या थंडीत, उणे दहाच्या खाली, ते फारसं चालत नाही. मग वाळू. चालायचं पेंग्विनसारखं: छोटी पावलं, तळवा सपाट, हात खिशाबाहेर. दिसतं विनोदी, पण हसणारेही तसेच चालत असतात. गाडीतून उतरताना दार धरून आधी दोन्ही पाय टेकवायचे, मग उठायचं.