उसाचा दर आणि नीरेचे पाणी

सहकारी साखर कारखान्याच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत खडाजंगी होते ती टनामागे मिळणाऱ्या दरावरून. शेजारच्या कारखान्याने किती दिले, साखरेचा उतारा का घटला, ऊसतोडीचा क्रम कोणासाठी मोडला, या प्रश्नांनी मंडप दणाणून जातो. सांडपाण्याचा विषय अहवालातील एखाद्या परिच्छेदात येतो आणि टाळ्यांच्या गजरात मंजूर होतो. सोमेश्वर, माळेगाव, छत्रपती, कर्मयोगी आणि नीरा-भीमा असे पाच सहकारी कारखाने ज्या बारामती-इंदापूर तालुक्यांत उभे राहिले, तेथे तरी या प्रश्नाकडे अधिक गांभीर्याने पाहिले जावयास हवे.

वास्तविक सहकारात पर्यावरणाची राखण सर्वांत चोख व्हावयास हवी. मालक शेतकरीच, मतही माणशी एक; आपल्याच विहिरीत कोण विष कालवील? परंतु मतदारयादी कार्यक्षेत्राच्या सीमेवर संपते, नदी संपत नाही. दोन्ही तालुक्यांच्या दक्षिण सीमेवरून वाहणारी नीरा नरसिंहपूरला भीमेस मिळते. वरच्या अंगाला काही सुटले तर ते खालच्या गावास भोगावे लागते, आणि त्या गावच्या शेतकऱ्याला वरच्या कारखान्यात मत नसते. संचालकांस निवडून देणारा एक, सोसणारा दुसरा! केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने 2018 साली राज्यातील 53 नदीपट्टे प्रदूषित ठरविले, त्यांत नीराही आहे. अर्थात त्याचे खापर एकट्या साखरधंद्यावर फोडणे अन्यायाचे होईल. गावांचे आणि इतर उद्योगांचे सांडपाणीही नदीतच येते.

तरीही आसवनीचा प्रश्न वेगळाच आहे. मळीपासून एक लिटर मद्यार्क काढताना साधारण 8 ते 15 लिटर स्पेंटवॉश निघतो आणि त्याची प्राणवायू शोषण्याची शक्ती घरगुती सांडपाण्याच्या शंभरपटींहून अधिक असते. 2003 च्या केंद्रीय सनदेने 2005 अखेर आसवन्यांचा एक थेंबही नदीनाल्यात जाऊ नये, असे बजावले होते. प्रेसमडमध्ये मिसळून खत करावे, आटवून बॉयलरमध्ये जाळावे, हे मार्ग ठाऊक आहेत. त्यांस पैसा लागतो, आणि तो पैसा उसाच्या दरातून जाईल, ही संचालकांस धास्ती असते.

कंपन्यांच्या बाबतीत 2013 च्या कायद्याने पर्यावरणरक्षण हे संचालकाचे कर्तव्यच ठरविले. शेअरबाजारातील पहिल्या हजार कंपन्यांना 2022-23 पासून त्याचा तपशीलवार अहवालही द्यावा लागतो. सहकारी कारखाने 1960 च्या राज्य कायद्याखाली येत असल्याने यांपैकी काहीच त्यांस लागू होत नाही. 1974 च्या जलप्रदूषण कायद्यातील 47 वे कलम मात्र कोणत्याही निगमित संस्थेच्या संचालकाला त्याच्या संमतीबद्दल किंवा हयगयीबद्दल जबाबदार धरते. पण हे कलम जागे होते ते पाणी नासल्यावर.

राज्याच्या सहकार कायद्यात 2013 साली झालेल्या दुरुस्तीने दोन तज्ज्ञ संचालक घेण्याची सोय केली. त्या जागी सांडपाण्याचा जाणकार बसविण्यास कोणाची आडकाठी आहे? त्यास मत नसेल, पण जाब विचारता येईल. 2014 पासून साखर कारखाने व आसवन्यांना सांडपाण्यावर स्वयंचलित मापकयंत्रे बसविणे भाग पडले. त्या यंत्रांचे आकडे दर महिन्याच्या बैठकीत गाळपाच्या आकड्यांशेजारी ठेवावेत, आणि सर्वसाधारण सभेत ते वाचले जाताना नदीकाठच्या खालच्या गावांचे सरपंच समोर बसलेले असावेत.