तणनाशकाला न जुमानणारे तण : हरियाणातील गव्हाचा धडा

गव्हावर तणनाशक फवारले की तणाची चिंता मिटली, असा समज पुष्कळ ठिकाणी आढळतो. तो किती महागात पडतो, याचा अनुभव हरियाणा व पंजाबमधील शेतकऱ्यांनी घेतला आहे. आपल्याकडील शेतकरी बंधूंनी व गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी तो ध्यानी घ्यावा.

त्या भागात भातामागून गहू ही पीकपद्धती रूढ झाली. गव्हाच्या बुटक्या जाती आल्या, पाणी व खते वाढली आणि त्यांबरोबर मंडूसी हे गवतही फोफावले. त्यास गुल्लीदंडा असेही म्हणतात. कोवळेपणी ते हुबेहूब गव्हासारखे दिसते. बुंध्याजवळची तांबूस छटा हीच त्याची खूण. त्यामुळे खुरपणीतून ते सुटते, आणि गहू कापणीस येण्यापूर्वीच त्याचे बी गळून जमिनीत पडते.

1980 च्या सुमारास आयसोप्रोट्यूरॉन हे तणनाशक वापरात आले. ते स्वस्त व गुणकारी असल्याने वर्षानुवर्षे तेच एक औषध फवारले गेले. 1990 नंतरच्या पहिल्या काही वर्षांतच शिफारशीइतकी मात्रा देऊनही मंडूसी मरेनाशी झाली. हिस्सार येथील हरियाणा कृषि विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी या तणात प्रतिकारशक्ती आल्याचे दाखवून दिले. काही शेतांत तण इतके माजले की हिरवा गहू कापून जनावरांपुढे टाकण्याची पाळी आली.

हे घडते कसे? औषधामुळे तण बळकट होते, असे नव्हे. लाखो रोपांत एखादे रोप जन्मतःच निराळे असते. गव्हाच्या अंगी हे औषध पचविण्याची शक्ती आहे, म्हणूनच गहू फवाऱ्यातून वाचतो. तशीच शक्ती मंडूसीच्या काही विरळ रोपांत होती. फवाऱ्याने इतर रोपे मेली, ही तेवढी उरली व त्यांचेच बी जमिनीत पडले. दरवर्षी एकाच चाळणीने चाळावे, तसा हा प्रकार झाला. मात्रा कमी देणे, उशिरा फवारणे व पाणी अपुरे वापरणे यांमुळेही तण वाचत राहिले.

1997-98 च्या सुमारास क्लोडिनाफॉप, फेनॉक्साप्रॉप, सल्फोसल्फ्युरॉन यांसारखी नवी तणनाशके दिली गेली व पीक सावरले. परंतु त्यांचाही वापर एकसारखा होत राहिल्याने पुढे काही ठिकाणी मंडूसी त्यांनाही दाद देईनाशी झाली. केवळ औषध बदलणे हा कायमचा उपाय नव्हे, हे यावरून स्पष्ट होते.

विनानांगरट पेरणीचा मात्र तेथे चांगला उपयोग झाला. भाताच्या कापणीनंतर जमीन न उकरता गहू पेरल्यास खालचे बी वर येत नाही व तण कमी उगवते. वेळेवर पेरलेला गहू तणाच्या आधी जोर धरतो. भात-गव्हाऐवजी मधून ऊस, बरसीम किंवा सूर्यफूल घेतल्यासही तणाची साखळी तुटते.

फवारणीनंतर तण उरल्यास प्रथम कारण शोधावे. तण पट्ट्यापट्ट्याने उरले असेल, तर बहुधा फवारणीतच दोष असतो. एकाच जातीची मेलेली व टवटवीत रोपे शेजारी शेजारी दिसली, तर मात्र प्रतिकारशक्तीचा संशय घ्यावा आणि कृषि अधिकाऱ्यास कळवावे. अशा वेळी मात्रा मनाने वाढवू नये. त्याने पिकास इजा होण्याचा संभव असतो.

शेतकरी बंधूंनी पुढील गोष्टी कटाक्षाने पाळाव्यात :

1. पेरणीसाठी तणाच्या बियांपासून मुक्त असे स्वच्छ बियाणे वापरावे.
2. एकाच गटातील तणनाशक दरवर्षी वापरू नये. नाव निराळे असले तरी गट एकच असू शकतो, म्हणून चौकशी करूनच खरेदी करावी.
3. शिफारशीची मात्रा, वेळ व पाण्याचे प्रमाण पाळावे.
4. फवारणीतून वाचलेले तण बी धरण्यापूर्वी उपटावे.
5. पिकांची फेरपालट करावी. कोळपणी व खुरपणी सोडू नये.

उपटलेल्या एका रोपाबरोबर पुढील हंगामातील शेकडो रोपे नाहीशी होतात. तणनाशक हे खुरप्याचे साहाय्यक आहे; खुरपे अडगळीत टाकण्याची ती परवानगी नव्हे.